तीनशे प्रती

नागपूरकर ‘सीताबर्डी’ हा शब्द फक्त पत्त्यात लिहितात. बोलताना नुसतं बर्डी. तर गेले दोन महिने माझ्या बर्डीवर चकरा सुरू आहेत आणि त्या साड्या-चपलांसाठी नाहीत हे घरच्यांना अजून पटलेलं नाही. कादंबरी लिहून झाली आहे. आता ती छापायची कुणी एवढाच प्रश्न उरलाय. (एवढाच!)

ज्या मावश्या-आत्यांना मी आठ वर्षं “लिहून राहिली आहे” असं सांगत आले त्यांच्यासाठी: हो, संपली एकदाची. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरचं राजधानीपण गेलं, सरकारी कचेऱ्या हलल्या, आणि महालातल्या एका कारकुनाच्या घरात भोपाळला जायचं की इथंच राहायचं यावरून जे काही झालं त्याची ही गोष्ट. गोष्ट बरीचशी आईची. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. आता तिची नजर कमी होत चाललीय, आणि डॉक्टरांच्या मते मोठी अक्षरं तिला अजून वर्ष-दीड वर्ष वाचता येतील. त्यामुळे मला निवांत विचार करत बसायची सोय नाही.

एका नावाजलेल्या प्रकाशनाचं पत्र आलं. कादंबरी आवडली, छापू, पण निदान अडीच वर्षं लागतील. शिवाय मधली साठ पानं रेंगाळतात आणि संवादातली बोली ‘सर्वांना कळेल इतपत’ सौम्य करा. साठ पानांचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी ती काढली, आणि कादंबरी एकदम चालायला लागली! चांगला प्रकाशक कशासाठी हवा, तर यासाठी. ‘मौज’च्या श्री. पु. भागवतांबद्दल लेखक आजही इतक्या आदराने का बोलतात ते कळलं. छापायला काय, कुणीही छापतं. हस्तलिखित नीट वाचून “हे काढा” म्हणणारा माणूस मिळणं कठीण.

बोलीचं मात्र मला पटेना. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 साली आली. त्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि मराठी वाचकांना ती तेव्हाही कळली. मग माझ्या महालातल्या बायांनी पुस्तकी का बोलावं? आई तर म्हणाली, “अशी बोलली असती तर आजीनं दोन लगावल्या असत्या मला.”

दुसरा एक प्रकार भेटला, त्याला काय म्हणावं कळत नाही. नाव प्रकाशनाचं, पैसे लेखकाचे. नव्वद हजार द्या, पाचशे प्रती काढू, शंभर तुम्हाला. उरलेल्या चारशेंचा हिशेब विचारला तर “मॅडम, तुम्ही लिहा, विक्रीचं आमच्यावर सोडा.” करारात सर्व हक्क कायमचे त्यांचे. माझा भाचा वकील आहे. त्याने सांगितलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, पण ‘कायमचे’ लिहून सही केली की मग लेखकाने बोंबलत बसायचं. लिहिणाऱ्या मंडळींनी ही ओळ कुठंतरी उतरवून ठेवा.

राहिला तिसरा मार्ग, स्वतःच काढायचं. कवींना यात काही नवल नाही. अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने अरुण कोलटकरांची पुस्तकं काढली, आणि इंग्रजी ‘जेजुरी’ 1976 साली ‘क्लिअरिंग हाऊस’तर्फे आली, जी चार कवींनी मिळून चालवली होती. पण कवितासंग्रह असतो शंभर पानांचा. कादंबरीला कागद लागतो, गोदाम लागतं. अमीश त्रिपाठीचं उदाहरण सगळे देतात: प्रकाशकांनी नाकारलेली ‘मेलुहा’ 2010 साली स्वतःच्या हिमतीवर निघाली आणि तुफान खपली. खरंय, पण तो मार्केटिंगमधला जाणकार, त्यात इंग्रजी. पहिलं प्रकरण छापून दुकानांत फुकट वाटण्याची अक्कल आणि ऐपत दोन्ही त्याच्याकडे होती.

बर्डीवरच्या छापखान्यात हिशेब मांडला. 280 पानं, तीनशे प्रती. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन धरून 65 हजार. म्हणजे प्रतीला 217 रुपये. किंमत 400 ठेवली तर विक्रेत्याची सूट चाळीस टक्के, हातात 240. दुकानातून प्रत गेली तर मला सुटतात तेवीस रुपये. प्रकाशकाची दहा टक्के रॉयल्टी चाळीस रुपये झाली असती, तीही एक पैसा न घालता! घरून थेट विकली तर मात्र 183. म्हणजे पिशवी घेऊन मलाच फिरावं लागणार.

शिवाय स्वतः प्रकाशक झालं की प्रकाशकाची कामंही आली. आयएसबीएन फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवायच्या. तीनशेतल्या चार गेल्या. पण भोपाळ-मुंबईच्या भानगडीत पडलेलं माझं घर कोलकात्याच्या कपाटात जाऊन बसणार याची गंमतही वाटते.

झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, 1923 पासूनची संस्था. तिथून बाहेर पडताना एका ज्येष्ठ लेखकांनी विचारलं, “स्वतः काढलेलं पुस्तक समीक्षक वाचतील का?” बहुतेक नाही वाचणार. हे मला लागतं, लपवत नाही. प्रकाशकाचं नाव म्हणजे अनोळखी वाचकाला मिळालेली एक हमी असते, ती माझ्या पुस्तकाला नसेल. अडीच वर्षं थांबले तर ती मिळेल, आणि पुस्तक वाचायला आई मला वाचून दाखवायला सांगेल.

तर ठरलं. स्वतःच काढतेय. बोली तशीच राहील. छापखानेवाल्या भाऊंनी आईसाठी एक प्रत वीस पॉइंटच्या अक्षरात वेगळी काढून देण्याचं कबूल केलंय, पानं पाचशेच्या वर जातील म्हणाले.

आता तुमच्याकडे काम. प्रत हवी असेल त्यांनी महिनाअखेरपर्यंत कळवा, म्हणजे तीनशे छापायच्या की दोनशे ते ठरवता येईल. नातेवाइकांनाही चारशेच रुपये पडतील. पुण्याच्या काकू, तुम्हालासुद्धा.