खोली सांगणारी मुलगी

वॉशिंग्टन-बाल्टिमोरकडची आपली मंडळी ओशन सिटीला जाताना बे ब्रिज ओलांडतात, तेव्हा चेसापीक बे दिसतो तो गाडीच्या काचेतून, चार-पाच मिनिटं. उत्तर-दक्षिण सुमारे २०० मैल पसरलेला हा उपसागर मी दहा वर्षांची असताना पाण्यावरून पाहिला. बाबा शिडाची बोट चालवायला शिकले होते. ऑगस्टमध्ये त्यांनी आठवडाभरासाठी ३४ फुटी बोट भाड्याने घेतली. आई, बाबा, दादा आणि मी, चौघंच.

अ‍ॅनापोलिसहून सेंट मायकल्स गाडीने तासाभरावर आहे. आम्हाला अख्खा दिवस लागला, कारण मध्ये केंट बेट आहे आणि त्याला दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. वाटेत थॉमस पॉइंटचा दीपस्तंभ लागला. १८७५ साली बांधलेलं ते षट्कोनी लाकडी घर लोखंडी पायांवर भर पाण्यात उभं आहे. मला ते गणपतीच्या मखरासारखं दिसलं.

बोटीवर हात कमी, कामं फार. माझ्याकडे खोलीचा आकडा वाचायचं काम आलं. चेसापीकची सरासरी खोली जेमतेम २१ फूट, काठाजवळ तर नुसता गाळ. आमच्या बोटीला पाच फूट पाणी लागायचं. आकडा दहाच्या खाली उतरला की मी ओरडायचं! बंदरात शिरताना लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या, हेही मी शिकले. अलिबागचे आजोबा फोनवर म्हणाले, "अगं, आमच्याकडे लाल डावीकडे असतो." दोघांचंही खरं होतं, जगात अशा दोन पद्धती आहेत. इथल्या कित्येक खुणांवर ऑस्प्रे पक्ष्यांची घरटी होती, त्यांच्या काटक्यांखालून मी नंबर वाचायची.

शाळेत मी गणितात कच्ची समजली जायचे. तिसऱ्या संध्याकाळी वाय नदीत नांगर टाकताना बाबांनी मलाच हिशोब घातला. पाणी आठ फूट, बोटीचं नाक पाण्यापासून चार फूट वर, म्हणजे बारा. वादळाचा इशारा असल्याने त्याच्या सातपट साखळी आणि दोर सोडायचा. मी बोटांवर मोजून ८४ म्हटलं. बाबांनी पुन्हा पडताळलं नाही, तेवढंच सोडलं.

रात्री वादळ आलंच. विजा, पाऊस, आणि बोट नांगराभोवती गरगर फिरत होती. नांगर सुटला असता तर वाऱ्याने आम्हाला काठाच्या गाळात नेलं असतं. बाबा सुकाणूपाशी, दादा टॉर्च धरून, आई माझ्या पाठीवर हात ठेवून. मी आकडा वाचत होते : आठ, आठ, नऊ, आठ. भीती खूप वाटत होती, पण आवाज थांबवता येत नव्हता. तिघंही त्याकडे कान लावून होते. अर्ध्या तासाने पाऊस ओसरला. आकडा आठच होता. आईने मध्यरात्री सगळ्यांना गरम मऊभात वाढला, पहिलं ताट माझं.

सप्टेंबरात तिकडची जेलीफिश कमी होते, वाराही बरा असतो. ओळखीत कुणी बोट चालवणारं असेल तर एक दिवस जरूर जा. लाइफ जॅकेट घाला, पोहे बरोबर न्या, आणि खोलीचा आकडा वाचायचं काम घरातल्या सर्वांत लहान माणसाला द्या.