कथेत प्रवचन नको

नाताळचा अंक जवळ आला, की आमच्या धर्मग्रामातील काही हौशी मंडळी स्वतः लिहिलेल्या कथा आमच्याकडे वाचावयास आणून देतात. पूर्वी त्या शाळेच्या वहीच्या फाडलेल्या पानांवर येत. आता बहुधा मोबाइलवर पानांची छायाचित्रे येतात आणि प्रत्येक छायाचित्राच्या कोपऱ्यात लेखकाचा अंगठा असतो. लिहिणारे कोणी शिक्षक असतात, कोणी परिचारिका, कधी बारावीत शिकणारी एखादी मुलगी. या कथा आम्ही मनापासून वाचतो. मात्र त्यांतील बहुतेकींचा शेवट पहिल्याच पानावर कळतो. नायक दारू पिऊ लागतो किंवा सावकाराच्या पाशात सापडतो, देवाला विसरतो, घरावर संकट कोसळते आणि शेवटच्या पानावर पांढऱ्या झग्यातील एक धर्मगुरू अवतीर्ण होऊन दोन परिच्छेद बोलतो. सर्वांचे डोळे पाणावतात. या धर्मगुरूचा आम्हांस मनस्वी हेवा वाटतो. यवतमाळ जिल्ह्यात एस.टी.च्या भरवशावर हिंडणारा कोणी पुरोहित इतक्या अचूक क्षणी कोठे पोहोचल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

थट्टा राहू द्या. सेमिनरीत आम्हांस प्रवचनशास्त्र शिकविले गेले. शुभवर्तमानातील उतारा घ्यावा, त्याचा अर्थ उलगडावा, मग तो श्रोत्यांच्या जीवनास लावून दाखवावा, असा तो क्रम. रविवारच्या मिस्सेत तो योग्यच आहे. समोर बसलेल्या माणसाला दहा मिनिटांत काहीतरी घरी न्यावयाचे असते. तोच क्रम कथेत शिरला, की कथेतील माणसे लेखकाच्या मुद्द्यासाठी उभी केलेली बुजगावणी होतात. आपल्याकडे हा दोष जुना आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. ती एका ख्रिस्ती लेखकाच्या हातून उतरली याचा आपणांस अभिमान वाटतो, तो वाटावाच. पण आजचा वाचक ते पुस्तक हाती घेतो तेव्हा त्यातील धर्मोपदेशाची पाने भरभर उलटतो आणि यमुनेला प्रवासात भेटलेल्या विधवांच्या हकिकतींशी थांबतो. पदमनजींनी जे डोळे उघडे ठेवून टिपले, ते टिकले.

ख्रिस्ती कथा म्हणजे अखेरीस बोध असलेली कथा, असा आपल्या लोकांचा समज आहे. ज्याच्याकडून बोध घ्यावयाचा, त्या प्रभूने स्वतः कथा कशी सांगितली हे एकदा पाहावे. लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडावा आणि उधळ्या पुत्राचा दाखला, तो आपल्याला पाठ आहे हे विसरून, वाचावा. मुलगा दूर देशी जाऊन पैसा उडवितो, हे एका वाक्यात आटोपते. आमच्या लेखकांनी तेथे चार पाने खर्ची घातली असती. दुष्काळ पडतो आणि तो डुकरे चारावयास राहतो. यहुदी श्रोत्यांना ‘डुकरे’ एवढा एक शब्द पुरेसा होता. मुलगा अधोगतीस गेला, असे प्रभू वेगळे सांगत नाही. बाप त्याला तो अजून दूर असतानाच पाहतो. हा बाप रोज वाटेकडे डोळे लावून बसत असे, असे कोठेही म्हटलेले नाही, पण ते कळल्यावाचून कोण राहतो? मुलाने क्षमायाचनेचे शब्द वाटेतच जुळवून ठेवलेले असतात. बाप ते पुरते बोलू देत नाही. मजुरासारखे ठेवा, हे वाक्य मुलाच्या तोंडातच राहते.

आणि तो थोरला. दिवसभर शेतात राबून आलेला हा माणूस आमच्या भागातल्या वाचकाला ओळखीचा वाटावा. गाण्याबजावण्याचा आवाज कानी पडतो तेव्हा तो आत जात नाही, चाकराला बोलावून विचारतो. बापाशी भांडताना त्याला काय आठवते? मित्रांबरोबर मौज करावयास आपल्याला कधी एक करडू मिळाले नाही, हे. इतक्या वर्षांची सल एका करडात मावली आहे. शिवाय धाकट्याचा उल्लेख करताना तो ‘भाऊ’ हा शब्द तोंडातून काढीत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. बाप उत्तर देताना तो शब्द त्याला परत देतो. थोरला शेवटी घरात गेला की नाही? प्रभूने सांगितलेले नाही. दोन हजार वर्षे तो अंगणात उभा आहे.

आमच्याकडे कथा घेऊन येणाऱ्याला आम्ही प्रथम एवढेच विचारतो : तुमच्या कथेतले करडू कोठे आहे?

एका निवृत्त गुरुजींनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीवर कथा लिहिली होती. आमच्या जिल्ह्यात हा विषय टाळता येत नाही. गेल्या कित्येक वर्षांत यवतमाळ हे नाव बाहेरच्या जगाला त्यामुळेच माहीत झाले आहे. गुरुजींच्या कथेत नऊ पाने मरणाची होती. पत्नीच्या वाट्याला आले होते एकच वाक्य, की तिच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यानंतर ठरल्याप्रमाणे धर्मगुरू. आम्ही गुरुजींना विचारले, त्या घरात बँकेचे पासबुक कोठे ठेवलेले असे? गुरुजी चटकन म्हणाले, लोखंडी पेटीत, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांबरोबर. त्या बाईला वाचता येत नव्हते, म्हणून शिक्का असलेले सारे कागद ती एका फडक्यात बांधून ठेवी. आम्ही म्हटले, गुरुजी, हे तुमच्या नऊ पानांत कोठे आहे? ते म्हणाले, यात काय लिहावयाचे?

यातच लिहावयाचे आहे. आपल्या भाषेने प्रभूच्या कथेलाही ‘दाखला’ म्हटले आहे आणि कचेरीतल्या कागदालाही, हे किती बरे! आपल्याला जे क्षुल्लक वाटून गळून पडते, तेच पुष्कळदा कथेचे बी असते. ‘दुःखाचा डोंगर’ कोणाच्याही कथेत चालतो, म्हणून तो कोणाचाच नसतो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यावर लिहिलेल्या कविता आम्ही वाचल्या; काळ, यम, विषाचा प्याला, सारे त्यांत होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि त्यामुळे पंपाचा फवारा पायांकडे न जाता तोंडावर येत होता, ही एक गोष्ट कोणी लिहिली असती, तर यमाला येण्याचे श्रम पडले नसते.

मरण ठळक असते म्हणून लेखक त्याच्याकडे धावतो. २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले होते. १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली भरले होते, त्यानंतर आमच्या गावाला हा मान पुन्हा मिळाला. या दुसऱ्या खेपेस अध्यक्षस्थानी डॉ. अरुणा ढेरे होत्या आणि उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी, कळंब तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने, जिचा नवरा आत्महत्या करून गेला. संमेलनापूर्वी जे वाद झाले ते आता विस्मरणात गेले तरी चालेल. हे भाषण जाऊ नये. मागे उरलेल्या बाईला कसे जगावे लागते, हे त्या आपल्या साध्या बोलीत सांगत होत्या. मांडवात बसलेल्या कथाकारांना यातून शिकण्यासारखे पुष्कळ होते. वर्षभराने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, येथील संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, तेव्हा व्यासपीठ आपल्यासाठी नाही ही सबबही उरली नाही.

बोलीचा विषय निघालाच आहे. वणीकडचा सालगडी आमच्या कथांमध्ये “आपण कोठे निघालात?” असे विचारतो. तो प्रत्यक्षात “कुठी चाल्ला गा?” असे म्हणतो, हे लेखकाला ठाऊक असते, कारण लेखक स्वतःही घरी तसेच बोलतो. पण लेखणी हाती घेतली, की तो पुण्याला जातो. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. त्यातल्या कौतिकचा संसार वऱ्हाडी बोलीत उभा राहिला आणि साऱ्या महाराष्ट्राला तो कळला. कोणी अर्थ विचारीत बसले नाही. आमच्या जिल्ह्यात तर एकच बोली नाही. पुसद-उमरखेडकडे बंजारा तांड्यांची गोरमाटी कानी पडते, पांढरकवडा-झरीकडे कोलामी आणि गोंडी. प्रत्येक पात्राच्या तोंडी शब्दन् शब्द बोलीचा घालावा असे आम्ही म्हणत नाही. वाचकाची दमछाक होते, आणि चुकीची बोली शुद्ध मराठीहून वाईट. दहा वाक्यांत एखादे ‘काऊन’, एखादे ‘बाप्पा’ नेमक्या ठिकाणी पडले तरी माणूस जिवंत होतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली ती बोलल्यासारखी लिहिली, आणि नव्वद वर्षांनंतरही ती बाई आपल्या ओसरीवर बसून बोलते आहे असे वाटते. लिहून झाले की कथा मोठ्याने वाचावी. घरात म्हातारे माणूस असल्यास त्याला ऐकवावी. म्हातारी जेथे जांभई देते तेथे लाल रेघ मारावी.

ऋतूंची खातरजमा करावी. एका कथेत आमच्यासमोर ऑगस्ट महिन्यात पांढरेशुभ्र कपाशीचे शेत डोलले होते. पेरणी जूनमध्ये, वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, हे ज्या जिल्ह्यातले मूलही जाणते तेथे अशी कथा पहिल्याच पानावर वाचकाचा विश्वास गमावते. याउलट नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसादासाठी पुढे आलेले हात पाहावेत. वेचणी चालू असते. बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी बोटांवर बारीक ओरखडे उठलेले असतात. नाताळवर दरवर्षी कथा येतात, त्यांत तारा असतो, गव्हाण असते, थंडी असते. हे हात अजून आलेले नाहीत.

आता जरा अवघड गोष्ट. गुरुजींची ती बाई खरी होती, शेजारच्या गल्लीत राहत होती, आणि तिची मुले आता वाचू लागली आहेत. कथा छापून आली तर ती त्यांच्या हाती पडणार. नाव बदलले की झाले, असे लेखकांना वाटते. तालुक्याच्या गावी माणूस नावावरून नव्हे, बैलाच्या रंगावरून ओळखला जातो. आम्हां पुरोहितांना या बाबतीत कडक शिस्त आहे. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले कोणत्याही कारणास्तव उघड करता येत नाही आणि निवेदन करणाऱ्यास जाचक होईल अशा रीतीने त्याचा उपयोगही करता येत नाही. ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेतील ९८३ आणि ९८४ ही कलमे याविषयी निःसंदिग्ध आहेत. ज्यांच्या कानी सर्वांत अधिक कथा पडतात त्यांनाच त्या लिहिता येत नाहीत, असा हा व्यवहार. लेखकाला कायद्याचे असे बंधन नाही, पण आपण होऊन त्याने त्यातले थोडे पत्करावे. एका घरातली पेटी घ्यावी, दुसऱ्या घरातला स्वभाव, तिसऱ्या गावचा रस्ता. इतके बदलूनही कथा उभी राहत नसेल, ती केवळ कोणाच्या तरी झाकलेल्या गोष्टीवर उभी असेल, तर ती लिहू नये. चांगली असली तरी लिहू नये.

गुरुजींनी कथा पुन्हा लिहिली. गाव बदलले, मुलांची संख्या बदलली, पेटी ठेवली. नव्या कथेत मरण तीन ओळींत संपते. आता ती बाई फडक्यात बांधलेले कागद घेऊन तहसिलात जाते. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात २००६ च्या शासन निर्णयाने १ लाख रुपयांची मदत ठरली, त्यातले ३०,००० हाती आणि ७०,००० ठेवीत. पण आधी ते प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणाचे, बँकेचे की सावकाराचे, हे कागदांवरून पाहिले जाते. कारकून फडके सोडतो, लागतील ते कागद काढतो आणि बाप्तिस्म्याचे दाखले बाजूला सारून तिच्याकडे परत देतो. चार फेऱ्या होतात. निकाल लागतो : अपात्र. हा शब्द तिला वाचता येत नाही, मुलगी वाचून दाखविते. पुढे रविवार येतो. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपण सर्व जण आपली अपात्रता मोठ्याने कबूल करतो, तो क्षण येतो, आणि सगळे तोंड उघडतात. गुरुजींनी येथे तिच्या मनातले विचार एक पानभर लिहिले होते. ते पान आम्ही काढावयास सांगितले. त्यांना वाईट वाटले. दोन दिवसांनी त्यांनी ते स्वतःच काढले. त्या प्रसंगात धर्मगुरू आहे, पण त्याचा फक्त हात दिसतो.

कथा पाठविणाऱ्यांना आणखी एक विनंती, संपादकांच्या वतीने नव्हे, आमच्या चष्म्याच्या वतीने. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, डावीकडे समास सोडावा, मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी. लिहून झाल्यावर निदान पंधरा दिवस ती पेटीत राहू द्यावी आणि बाहेर काढल्यावर आधी शेवटचा परिच्छेद वाचून पाहावा. तेथे आमच्यापैकी कोणी झगा घालून उभा असेल, तर त्याला निःसंकोच परत पाठवावे. आणि पानांचे छायाचित्रच पाठवावयाचे असेल, तर अंगठा बाजूला घ्यावा.