खणखणीत

गेला महिनाभर आमच्या घरात एकच विषय चालू आहे आणि त्याला दोन चाकं आहेत. सौ.चं म्हणणं असं की बावन्नाव्या वर्षी माणसाने सकाळी फिरायला जावं, कार्बनच्या सायकलीची स्वप्नं बघू नयेत. तिचं चुकतं असं नाही. पण खूळ ते खूळ. (ताई, तू हे वाचत असशील तर आईला किमतीचं काही बोलू नकोस.)

खूळ तसं जुनंच. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली. ते वाचून मी अमेरिकेला निघालो असं नाही, मी आपला वज्रेश्वरीला निघालो. त्यासाठी अॅल्युमिनियमची एक साधी हायब्रिड सायकल घेतली. मग निर्मळ, भुईगाव, अर्नाळा असं करत करत आता डोक्यात ब्रेव्हे शिरलंय. २०० किलोमीटर, साडेतेरा तासांत. आणि माझ्यासारखी सगळी माणसं जसं समजतात तसं मीही समजलो की अडचण माझ्या पोटात नसून सायकलीच्या वजनात आहे.

नवी कार्बन सायकल आमच्या ऐपतीबाहेरची. म्हणून जुनी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बऱ्याच लोकांना सायकलींची हौस आली होती. त्यातल्या कित्येक नंतर गॅलरीत टॉवेल वाळवायच्या कामी लागल्या आणि मग विकायला निघाल्या. त्यातलीच एखादी आपल्या नशिबात असेल असा हिशोब.

नवी यायची तर जुनी जायला हवी. म्हणून मी माझ्या हायब्रिडचीही जाहिरात टाकली. 'एकहाती वापर, उत्तम स्थिती.' त्या जाहिरातीत एक गोष्ट लिहिली नव्हती. तिच्याकडे नंतर येतो.

तर झालं असं, की मला हवी तशी सायकल सापडली ती थेट वालीवला. परदेशी बनावटीची, ५४ मापाची, शिमानो १०५ चे गिअर, किंमत ७८ हजार. विकणारे गृहस्थ एका इंजिनिअरिंग गाळ्याचे मालक. फोनवर म्हणाले, "मुलाची आहे. दोन वर्षं पडून आहे. गाळ्यावर ठेवलीये, या बघायला."

वालीव म्हटलं की मला बाबाच आठवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, अहमदाबाद महामार्गाच्या बाजूला हे गाव. गाव म्हणायचं ते जुन्या माणसांनी. आम्ही पाहिलं ते गाळ्यांचं वालीव. लेथ, प्रेस, प्लास्टिक, पॅकिंग, रस्ताभर टेम्पो आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर. बाबा वीस वर्षं तिथल्या एका गाळ्यात लेथवर होते. पारनाक्यावरून अॅटलस सायकलने जायचे, यायचे. कॅरिअरला डबा, हँडलला रेनकोट. ती सायकल वीस किलोच्या वर असेल. ब्रेव्हे वगैरे काही न म्हणता माणूस रोज वीस-पंचवीस किलोमीटर मारायचा आणि घरी येऊन दळण आणायला जायचा.

एकदा त्या अॅटलसचा चिमटा बैलगाडीला धडकून वाकला होता. बाबांनी नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे नेला. त्याने पाइप घालून, जोर लावून सरळ केला, बाबांनी पाच मिनिटं लांबून एक डोळा मिटून बघितलं आणि निघाले. पोलादाचं असंच. लागलं की वाकतं, वाकलं की दिसतं. (ती अॅटलस कंपनीही गेली. साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद झाला तो ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला. असो.)

कार्बनचं तसं नाही, हे मी महिनाभर वाचून शिकलो होतो. केसापेक्षा बारीक धाग्यांचे थर राळेत बसवून ती नळी केलेली असते. ज्या दिशेने ताण येणार त्या दिशेने धागे मांडलेले, म्हणून इतकी हलकी आणि इतकी ताठ. पण आडवा फटका बसला, दगडावर आपटली, गाडीच्या कॅरिअरवर जास्त आवळली, तर आतले थर सुटतात आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहू शकतो. मग एखाद्या दिवशी उतारावर, काही न सांगता... तुटते. म्हणजे घेताना डोळ्यांवर भरवसा नाही.

मग काय करायचं? तर नाणं घ्यायचं आणि फ्रेमवर हलकं हलकं वाजवत जायचं. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आपली आजी बाजारात मडकं कसं घ्यायची? वाजवून. पूर्वी लोक रुपया कसा पारखायचे? वाजवून. लांबच्या गाड्या स्टेशनात थांबल्या की एक माणूस हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचा, ते लहानपणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. नाणं खणखणीत आहे का ते बघायचं, हे आपल्याला कोणी परदेशातून शिकवायला नको होतं. फक्त आता सायकलीने नाणं पारखायचं नसून नाण्याने सायकल पारखायची, इतकाच फरक.

शनिवारी खिशात जुनं जाड पाच रुपयांचं नाणं, एक बॅटरी आणि थोडा कापूस घेऊन गेलो. (कापूस फ्रेमवरून फिरवायचा. कुठे धागा निघालेला असेल तर तो अडकतो.) सायकल बघितली आणि मी विरघळलो. एका हाताने उचलली. उचलल्यावर माणूस जो चेहरा करतो तो केला. मालक हसले. तिथेच माझी घासाघीस संपल्यात जमा होती.

नाणं काढलं, पण प्रेस चालू होत्या. धडाम धडाम. त्यात नाण्याचा आवाज कुठला ऐकू येणार? मालक म्हणाले, "थांबा, एक वाजता जेवणाची सुट्टी होईल." चहा आला. बाबा इथल्याच एका गाळ्यात होते म्हटल्यावर गप्पा निघाल्या. माणूस सज्जन वाटला, आणि खरं सांगतो, आता वाजवून बघणं म्हणजे त्यांचा अपमान करण्यासारखं वाटायला लागलं.

एक वाजला. मशिनं थांबली. मी पुढच्या चिमट्यापासून सुरुवात केली. टक टक टक. मला सगळं सारखंच ऐकू येत होतं. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या असतात, त्यांतल्या डाव्या नळीशी आलो तेव्हा एक साठीचे मिस्त्री डबा उघडता उघडता थांबले. जवळ आले. "द्या इकडे," म्हणाले. नाणं बोटांत अगदी सैल धरलं. उजव्या नळीवर चार टिचक्या, डाव्या नळीवर त्याच जागी चार. परत उजवी, परत डावी. मग मालकांकडे बघून शांतपणे म्हणाले, "शेठ, ही बद्द वाजते."

मला वाटलं, आता मालक चिडणार. ७८ हजारांचा व्यवहार समोर, आणि आपलाच माणूस गिऱ्हाइकासमोर असं बोलतोय. मिस्त्रींनाही ते कळत होतं, कारण ते लगेच म्हणाले, "कास्टिंग असती तर मी परत पाठवली असती. ही पण तसंच बोलतेय."

मालकांनी काही न बोलता बॅटरी घेतली. खालच्या बाजूला, जिथे वाकल्याशिवाय नजर जात नाही, तिथे रंगात केसाएवढी रेघ होती. दोन बोटं लांब. आता नुसत्या रेघेवरून काही ठरत नाही, ती रंगाची असू शकते. आवाजावरूनही शंभर टक्के ठरत नाही, कारण नळीची जाडी बदलली की आवाज बदलतो. म्हणून तर दोन्ही बाजू त्याच जागी ताडून बघायच्या. पण रेघ आणि आवाज दोन्ही एकाच जागी, आणि अंगठ्याने दाबलं तर किंचित दबतंय... मालकांनी मुलाला फोन लावला. स्पीकरवर नव्हता, पण गाळा इतका शांत होता की सगळं कळलं. सायकल गाडीच्या कॅरिअरवरून पडली होती. वडील रागावतील म्हणून मुलगा बोलला नव्हता. आणि म्हणूनच दोन वर्षं चालवलीही नव्हती.

फोन ठेवून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं, एक ओरखडा नाही. मला खरंच माहीत नव्हतं हो."

आणि इथे माझी गंमत बघा. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तीस हजारांना द्या." कार्बन दुरुस्त होतो, हे मी वाचलं होतं. खराब भाग घासून त्यावर नवे थर चढवतात, आणि नीट केलं तर चांगलं टिकतं. पण माझ्या मनात दुरुस्तीच्या पुढचाही एक हिशोब चालू होता, की नाहीच जमली तर वरून रंग मारून कोणालातरी... तो हिशोब पुरा करायच्या आतच त्यांनी मान हलवली. "नको. तुम्ही दुरुस्त कराल, तुमच्याकडून पुढे कोण घेईल आणि त्याला कोण सांगेल? राहू दे इथेच." सायकल त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. मिस्त्रींनी माझं नाणं परत दिलं आणि डबा उघडला.

परत येताना फादरवाडीच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली होती आणि मला माझी जाहिरात आठवत होती. 'उत्तम स्थिती.' गेल्या पावसाळ्यात मी त्या हायब्रिडसकट एका खड्ड्यात पडलो होतो. चिमटा किंचित वाकलाय. हात सोडून चालवली तरच कळतं, हात सोडून मी चालवत नाही. त्यावर मी काळा रंग लावला होता, घरातल्या ग्रिलसाठी आणला होता त्यातलाच. नालासोपाऱ्याचा एक कॉलेजातला मुलगा रविवारी सायकल घ्यायला येणार होता. नऊ हजार ठरले होते. तो नाणं आणणार नव्हता. अॅल्युमिनियम वाजवायचं नसतं आणि त्याला बघायचं काय हेही माहीत नव्हतं.

रविवारी तो आला. आधी चिमटा दाखवला. पडलेली आहे, हा बदलून घे, त्याशिवाय चालवू नकोस, असं सांगितलं. तो जरा भांबावला. मग म्हणाला, "काका, मग सहा हजारांना द्याल?" दिली. सौ. म्हणाली, कार्बन राहिला बाजूला, होती तीही तीन हजारांनी स्वस्तात घालवलीत. हिशोब बरोबर आहे तिचा.

बाबांची अॅटलस अजून माळ्यावर आहे. तूर्तास ती खाली काढलीये, तेलपाणी केलंय, निर्मळपर्यंत जाऊन आलो. घाम निघाला. कुणाकडे ५४ मापाची, चांगली वाजणारी कार्बन असेल तर जरूर कळवा. पडलेली असेल तर तसं आधीच सांगा, आपण चहा घेऊ आणि किंमत नंतर बोलू.