पाथरीच्या घरात गोदावरीचा काठ

मैत्रिणींनो, पाथरी म्हटलं की साईबाबांचं नाव आधी ओठांवर येतं. पण दर्शन झाल्यावर मुलांना घेऊन याच तालुक्यातल्या ढालेगावला, गोदावरीच्या बंधाऱ्याकडे जरूर जा. पाणी ओसरलेलं असलं की काठच्या दगडांत छोटी डबकी उरतात. मुलांचा हात धरून ती पाहा. तसं डबकं घरी करता येतं बरं का!

कोकणात जाऊन आलेली मुलं समुद्राच्या डबक्याचा हट्ट धरतील. त्यांना समजावा, तिथलं पाणी भरतीबरोबर दिवसातून दोनदा बदलतं. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते नुसतं स्वयंपाकाचं मीठ नव्हे. प्रवाळ, समुद्रघोडा यांना तर २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते जीव तिथेच बरे.

आपल्याला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची पेटी पुरे. काठोकाठ भरली तर छपन्न लिटर पाणी मावतं, म्हणून स्टूल भक्कम हवं. नदीकाठचे चार-पाच काळे गोटे साबण न लावता घासून धुवा. दगडावर लिंबाचा थेंब टाकून फेस आला, तर त्यात चुना आहे; तो वगळा. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. झाडं लावा, पण एकदम मासे भरू नका. माशांची घाण पचवणारे जिवाणू दगडांवर रुजायला तीन-चार आठवडे लागतात. आधी दोनच गप्पी मासे सोडा आणि दाणे चिमटीभरच टाका.

“उन्हाळ्यात हंडाभर पाण्याला मोल, तिथे माशांचे कसले चोचले?” सासूबाईंचा हा प्रश्न रास्तच आहे. पण दर आठवड्याला काढलेलं चौथा हिस्सा पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला. ते खतच असतं. खारं पाणी घातलं असतं तर तुळस जळाली असती!

मे महिन्यात पेटी उन्हापासून दूर ठेवा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पिल्लं वाढली तर शेजारणीला द्या, गोदावरीत मात्र सोडू नका. गप्पी परदेशी आहे, नदीतल्या आपल्या माशांच्या तोंडचा घास तो पळवतो.