डोळ्यांची आखणी

आम्हांला भयपटांची आवड आहे, हे चारचौघांत सांगताना आम्ही आजही थोडे चाचरतो. धर्मग्रामातील मंडळींत वाचनाचा, पाहण्याचा विषय निघाला की कोणी संतचरित्राचे नाव घेतो, कोणी नाट्यसंगीताचे. आमच्या ओठांवर मात्र भुताखेतांचे, खुनाच्या तपासाचे आणि मुलांसाठी काढलेल्या चलच्चित्रांचे चित्रपट येतात आणि मग आपले वय आठवून आम्ही गप्प बसतो. साठी उलटली तरी ही खोड गेली नाही. ती जडली कोठे, हे मात्र आम्हांला नेमके ठाऊक आहे. ती जडली हमरापूरला, गणपतीच्या एका कारखान्यात.

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूरचे छोटेसे स्थानक लागते. हमरापूर, जोहे, तांबडशेत ही सारी गावे गणेशमूर्तींची. शाळामास्तरकीच्या निमित्ताने आम्ही वसई सोडून तेथे गेलो आणि एका कारखान्याच्या माडीवर बिऱ्हाड केले. रविवारी मिस्सेसाठी पनवेल गाठावे आणि उरलेले सहा दिवस साचे, काथ्या आणि रंगाच्या वासात काढावेत, असा आमचा क्रम होता. पावसाळा लागला की कारखान्यांत रात्रपाळी सुरू होई. कारागिरांना झोप येऊ नये म्हणून कारखानदार, ज्यांना सारे गाव आणि आम्हीही दादा म्हणत असू, भाड्याने टी. व्ही. आणि व्हिडिओ आणीत. कारागिरांची फर्माईश ठरलेली असे : एक तर मारामारी, नाहीतर भूत.

1994 च्या जुलैतील एका रात्री महेश कोठारे यांचा आदल्या वर्षीचा ‘झपाटलेला’ लागला होता. बाहेर कोकणी पाऊस, आत शे-दीडशे पांढऱ्या मूर्ती ओळीने उभ्या, आणि समोर पडद्यावर तात्या विंचूचा बाहुला. ऐन रंगात आले असताना वीज गेली. हसण्याचा आवाज एकदम थांबला. कोणीतरी काडी ओढली, आणि त्या क्षणभरच्या उजेडात आम्हांला त्या मूर्ती दिसल्या. एकीलाही डोळे नव्हते. ज्याला डोळे नाहीत तो आपल्याला पाहू शकत नाही, एवढा साधा विचार आम्हांला त्या वेळी सुचला नाही. अंगावर काटा मात्र आला. दादांनी तो पाहिला असावा. ते म्हणाले, “मास्तर, भिऊ नका. डोले काढलं नाय तवर ती मातीच हाय.”

पुढे आमची दृष्टी दादांनीच घडवली. मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला तेथे आखणी म्हणतात. रंगारी पुष्कळ मिळतात, आखणीचा हात एखाद्यालाच असतो. बारीक कुंचला, रोखलेला श्वास आणि एका दमात ओढलेली रेघ. दोन्ही बुबुळे अशी बसली पाहिजेत की समोर उभ्या राहिलेल्या माणसाला वाटावे, हा माझ्याकडेच पाहतो आहे. रेघ केसभर हलली तर मूर्ती तिरळी दिसते, नाहीतर रागीट, नाहीतर नुसतीच रिकामी. ते ऐकल्यापासून आम्ही चित्रपट पाहताना नकळत आखणी तपासू लागलो. भयपट असो, रहस्यपट असो की चलच्चित्र, त्यात कोण कोणाकडे कसे पाहते आहे, यावर त्याचे सारे बळ असते, असे आमचे मत बनले आणि ते आजवर बदललेले नाही.

त्या तात्या विंचूचेच पाहा. कथेची कल्पना अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ वरून सुचलेली, हे उघड आहे. पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला अस्सल मराठी होता. त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज होता, आणि मान स्थिर ठेवून बुबुळे तेवढी बाजूला सरकवण्याची त्याची लकब होती. तेवढ्यानेच आमच्या पिढीतील किती मुले दिवा लावून झोपली असतील! 2013 मध्ये त्याचा दुसरा भाग त्रिमिती तंत्राने आला. बाहुला आमच्या अंगावर धावून आला खरा, पण आमच्याकडे पाहिले नाही.

गंमत अशी की त्याच 1993 साली इंग्लंडात निक पार्क यांनी ‘द राँग ट्राउझर्स’ हा अर्ध्या तासाचा चित्रपट मातीसारख्या लगद्याच्या आकृत्या इंचाइंचाने हलवून काढला. त्यातला ग्रोमिट हा कुत्रा बोलत नाही, त्याला तोंडच दिलेले नाही. सारा अभिनय डोळ्यांचा आणि कपाळाचा. आणि खलनायक कोण, तर एक पेंग्विन. त्याचे डोळे म्हणजे दोन काळे मणी. त्या मण्यांत राग नाही, लोभ नाही, काहीच नाही, आणि म्हणून तो भयंकर. 2024 च्या नाताळात हाच पेंग्विन एका पूर्ण लांबीच्या चित्रपटात परत आला. एकतीस वर्षांत त्याच्या डोळ्यांना कोणी हात लावलेला नाही. हा आमच्या मते मोठा शहाणपणा.

आपल्याकडच्या अलीकडील भयपटांत ‘तुंबाड’ला आम्ही अग्रपूजेचा मान देतो. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018 मध्ये आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला; 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेहून अधिक गर्दी झाली. त्याचे मूळ नारायण धारपांच्या कथेत आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलेले आहे, म्हणजे मराठी वाचकाला तो परका नाही. त्यातला पाऊस आम्ही ओळखतो. भिंतींना ओल धरणारा, माणसाला घरात कोंडणारा हा पाऊस पेण-रोह्याकडे चार महिने मुक्कामाला असतो. पण चित्रपटाचा प्राण आहे तो कणकेच्या बाहुलीत. भुकेल्या हस्तरला गुंतवून ठेवायचे, तर विहिरीत उतरून त्याच्यापुढे कणकेची बाहुली टाकायची आणि तो खाण्यात दंग असताना मोहरा लांबवायच्या. शेवटी लोभाने बाप-लेक बाहुल्याच बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. ते दृश्य पाहताना आम्ही पुन्हा त्या वीज गेलेल्या कारखान्यात होतो. पण मनात घर करून राहिले ते वेगळेच : बाप मुलाला ही विद्या शिकवतो, ते प्रसंग. मुलाच्या डोळ्यांत आधी भीती आहे, मग हिशेब येतो. त्या हिशेबाची भीती आम्हांला हस्तरपेक्षा अधिक वाटली.

आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने 2024 मध्ये कोकणातील भूत घरोघर पोहोचवले. संगणकावर घडवलेला तो मुंज्या चपळ आहे, विनोदी आहे, मुले त्याच्यावर खूश आहेत. आमची तक्रार एवढीच, की त्याचे डोळे क्षणभरही स्वस्थ नाहीत. जो सतत डोळे वटारतो त्याला कोण किती वेळ भिणार? त्यापेक्षा विशाल फुरिया यांचा 2017 चा ‘लपाछपी’ आम्हांला उजवा वाटतो. त्यात भर उन्हातला ऊस आहे आणि त्या उसातून कोणीतरी पाहते आहे ही जाणीव आहे. मुलीचा जीव नकोसा झालेल्या घरांची ती कथा. उसातली मुले दिसतात तेव्हा भूत कोण, हा प्रश्नच उरत नाही.

परदेशी भयपटांविषयी आमच्या वाचकांना एक घरगुती गोष्ट सांगावीशी वाटते. 2018 मध्ये ‘द नन’ आला. सैतान धर्मभगिनीच्या वेषात फिरतो, पांढराफटक चेहरा, पिवळे डोळे. आमची नात तेव्हा सात वर्षांची. कोणाच्या तरी मोबाइलवर तिने त्याचा तुकडा पाहिला आणि पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायचे नाकारले. वर्ग सिस्टर घेत असत. आम्ही तिला पुष्कळ समजावले. शेवटी सिस्टरच घरी आल्या, ओट्यावर बसून त्यांनी तिच्याबरोबर वाटाणे सोलले आणि प्रश्न मिटला. भयपटात धर्म आणू नये असे आम्ही म्हणणार नाही. 1973 चा ‘द एक्सॉर्सिस्ट’ आम्ही आदराने पाहतो, कारण त्यातला तरुण धर्मगुरू स्वतःच्या डळमळत्या श्रद्धेकडे टक लावून पाहतो. पण त्यानंतरच्या बहुतेक चित्रपटांत क्रूस हा विजेरीसारखा वापरला जातो : बटण दाबा, भूत पळेल. वास्तविक बिशपांच्या स्पष्ट अनुज्ञेवाचून कोणाही धर्मगुरूला भूतबाधा उतरवण्याचा विधी करता येत नाही, असा धर्मसभेचा कायदा आहे. पडद्यावरचे फादर अनुज्ञा मागायला थांबतच नाहीत. थांबले तर मध्यंतर कसे व्हायचे!

रहस्यपटाबद्दल थोडक्यात. ‘दृश्यम’ आपल्याकडे बहुतेकांनी निशिकांत कामत यांचा 2015 चा हिंदी पाहिला आहे, गोव्यात घडणारा. जितू जोसेफ यांचा 2013 चा मूळ मल्याळम चित्रपट आम्ही नंतर पाहिला आणि थक्क झालो. तेथला केबलवाला जॉर्जकुट्टी ख्रिस्ती आहे. खुनाच्या दिवशी आम्ही येथे नव्हतोच, हे पटवण्यासाठी तो हिंदीत कुटुंबाला सत्संगाला नेतो. मूळ चित्रपटात मात्र तो रिट्रीटला नेतो. रिट्रीट कशासाठी असते, हे आम्ही आपल्या वाचकांना सांगायला नको. जेथे मनुष्याने स्वतःला पाहायचे, तेथे तो साक्षीदार गोळा करतो. हिंदी प्रेक्षकाला ती केवळ युक्ती वाटली. आम्हांला मात्र ते काट्यासारखे रुतले, कारण मुलींसाठी त्याने जे केले ते आम्हीही केले असते की काय, याचे उत्तर आम्हांला देता आले नाही.

आता पिनोकिओ. ग्येर्मो देल तोरो यांनी 2022 मध्ये बाहुल्या हलवून काढलेल्या या चित्रपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले. जेपेत्तो चर्चमध्ये क्रुसावरील ख्रिस्ताची भव्य लाकडी मूर्ती घडवत असतो, आणि युद्धात त्या चर्चवर बाँब पडून त्याचा मुलगा जातो. वर्षानुवर्षांनी दारूच्या नशेत तो पाइनच्या लाकडाचा मुलगा कोरतो, तोही अर्धवट. एक कान राहूनच जातो. हा लाकडी मुलगा चर्चमध्ये शिरतो तेव्हा लोक त्याला सैतानाचे रूप समजून ओरडतात. आणि तो क्रुसाकडे पाहून बापाला विचारतो, की हाही लाकडाचाच आहे, मग लोकांना हा आवडतो आणि मी का नाही? आमच्या मुलांनी हा प्रश्न विचारला तर काय सांगावे, यावर आम्ही आणि सौभाग्यवती त्या रात्री उशिरापर्यंत बोलत होतो. ती म्हणाली, “त्याच्याकडे आपण पाहतो. त्या पोराकडे कोणी पाहिलंच नाही.”

दादांचा धाकटा आमचा विद्यार्थी. बापाचा हात त्याच्यात उतरला होता. शिकून तो मुंबईला गेला आणि चित्रपटांसाठी संगणकावर प्राणी, राक्षस, भुते घडवणाऱ्या एका कंपनीत लागला. त्याचे मुख्य काम डोळ्यांचे. तो अभिमानाने सांगे, “सर, आखणीच आहे, फक्त कुंचला नाही.” मग ती कंपनी गुंडाळली गेली आणि तो गावी परतला. दादांना तोवर मोतीबिंदूने गाठले होते, शस्त्रक्रिया होऊनही पूर्वीची रेघ येईना. ज्या कारखान्याने पाऊण जिल्ह्याचे गणपती डोळस केले, तेथे आखणीला माणूस उरला नव्हता.

2025 च्या जुलैअखेर आम्ही हमरापूरला गेलो होतो. नुकताच ‘महावतार नरसिंह’ लागला होता आणि सारा महाराष्ट्र या चलच्चित्राला लोटला होता. धाकटा आम्हांला घेऊन गेला. खांब फुटून नरसिंह प्रकटला तेव्हा आमच्या मागच्या रांगेतील आजींनी हात जोडले. आम्ही दुसऱ्या धर्माचे, तरी त्या क्षणाचा आदर आम्हांला वाटला. चित्रांत पैशांची ओढाताण जागोजागी दिसते, माणसे चालताना जमिनीवर टेकत नाहीत, असे आमचे मत पडले. धाकटा बराच वेळ बोलला नाही. परतताना म्हणाला, “सर, बाकीचं जाऊ द्या. प्रल्हादाकडे बघतानाचे डोळे ज्याने केलेत ना, त्याला हात आहे.”

गणेशचतुर्थीला महिना उरला होता. कारखान्यात मूर्ती दाटीवाटीने उभ्या होत्या, आखणीवाचून. दादा खुर्चीवर बसले होते. धाकट्याने हात धुतले, दिवा जवळ ओढला आणि पहिल्या मूर्तीपुढे मांडी घातली. कोणीतरी सवयीने टी. व्ही. लावला; कसलीशी किंकाळी ऐकू आली. दादा म्हणाले, “बंद कर त्यो. पोराचा श्वास आयकू दे.”