दुसऱ्याच्या वहीवर

मराठीच्या एम.ए.ला आम्हाला संपादन हा विषय नव्हता. साहित्यशास्त्र होते, भाषाविज्ञान होते, मध्ययुगीन वाङ्मय होते. पण दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्याला हात कसा लावावा, हे कोणी शिकवले नाही. आम्ही दोघे वर्धा जिल्ह्यात मराठी शिकवतो. संपादनाची आमची पहिली शाळा म्हणजे महाविद्यालयाचा वार्षिकांक. विद्यार्थ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता हाताला लाल शाईची सवय लागली. पुढे परिचितांची हस्तलिखिते येऊ लागली. फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्यात 96 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले; त्यानंतर तर निवृत्त शिक्षक, शेतकरी, गृहिणी आपापल्या वह्या घेऊन दाराशी आल्या. याच गावात 1969 साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले होते. मधल्या काळात लिहिणाऱ्यांचे जग किती विस्तारले, हे पाहायचे असेल तर या वह्या पाहाव्यात.

लोक विचारतात, तुमची संपादनाची पद्धत काय? तिचे उत्तर एका चुकीपासून सुरू होते.

काही वर्षांपूर्वी आर्वी तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या आईच्या आठवणी लिहून आमच्याकडे दिल्या. आई शेतमजूर. बाईंचे निवेदन बहुतांशी प्रमाण मराठीत होते, पण आईचा प्रसंग आला की वाक्य आपसूक वऱ्हाडीकडे झुकत असे. आम्ही ते ‘एकसारखे’ केले. ‘वावरा’चे ‘शेत’ झाले, ‘पऱ्हाटी’ची ‘कपाशी’ झाली, ‘मले’चे ‘मला’ झाले. ‘सीतादही’ हा शब्द बाहेरच्या वाचकाला कळणार नाही, म्हणून तेथे ‘कापूस वेचणीचा पहिला दिवस’ असे घातले. बाईंनी मुद्रिते पाहिली, काही बोलल्या नाहीत. प्राध्यापकांनी केले म्हणजे योग्यच असणार, असे त्यांना वाटले असावे. पुस्तक निघाले, समारंभही झाला. पुढे काही महिन्यांनी भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, मॅडम, तुमी चांगलंच केलं. पन पुस्तक वाचलं त माही माय मले माही वाटत नाही.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. घरी येऊन आम्ही तो भाग पुन्हा वाचला. सीतादही म्हणजे नुसता दिवस नव्हे. पहिल्या वेचणीला पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, असा तो विधी. बाईंच्या लेखनात त्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या आईला मालकीण स्वतःच्या हाताने दहीभात वाढते आणि आईचे डोळे भरून येतात. आमच्या दुरुस्तीने विधी गेला, केवळ तारीख उरली. मग आईचे डोळे का भरले, हे वाचकाला कळणार कसे? आम्ही शब्द सोपा केला आणि प्रसंग दुर्बोध केला.

या खंतीतून आम्ही एका जुन्या उदाहरणाकडे वळलो. ते आमच्या अगदी जवळचे आहे, आणि तरीही या दृष्टीने आम्ही त्याकडे कधी पाहिले नव्हते. पवनारचा आश्रम वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर. तेथे पुढे राहिलेल्या विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती टिपून घेतली साने गुरुजींनी. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकीकडे गणिताची आवड असलेल्या माणसाची आखीव मांडणी आणि नेमके दृष्टांत, दुसरीकडे आर्त, ओथंबलेले गद्य. इतकी स्वतंत्र शैली ज्याच्या लेखणीत होती, त्याने दुसऱ्याचे बोलणे उतरवताना ती बाजूला ठेवली. ‘गीता प्रवचने’ आजही विनोबांच्याच आवाजात ऐकू येतात. संपादकाने आपला आवाज किती आवरावा, याचा याहून मोठा धडा आम्हाला ठाऊक नाही.

आवरणे म्हणजे हात बांधून बसणे मात्र नव्हे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’च्या लेखकांशी किती चिकाटीने काम केले, हे मराठीच्या अभ्यासकांना सांगायला नको. त्याच ‘सत्यकथे’च्या अभिरुचीला साठच्या दशकात लघुनियतकालिकांच्या चळवळीने आव्हान दिले, हेही विसरता येत नाही. संपादकाची अभिरुची ही शक्ती असते, तशी कुंपणही असते. आमच्या हातात तर ती साधनाही नव्हती. होते ते फक्त कुंपण.

आता आम्ही पहिले वाचन पेन्सिलीवाचून करतो. दुसऱ्या वाचनात समासात केवळ प्रश्न लिहितो: हा प्रसंग लग्नाआधीचा की नंतरचा? हा मामा मागच्या प्रकरणात वारला होता ना? ही हकिकत तिसऱ्यांदा आली आहे, ठेवायची का? तिसरे वाचन लेखकासमोर, मोठ्याने. जिथे लेखक स्वतःच अडखळतो तिथे बहुधा वाक्यच अडलेले असते. शुद्धलेखन आम्ही पाहतोच, पण शुद्धलेखन वेगळे आणि शब्दांची निवड वेगळी, हे आता कळते. महामंडळाच्या नियमांनीही पात्राच्या तोंडच्या बोलण्याला मोकळीक दिलेली आहे. आम्हीच नियमांहून कडक झालो होतो.

बोलीचा आग्रह हाही आंधळा असू नये. हिंगणघाटकडच्या एका तरुणाने कादंबरीत पानोपानी ठसकेबाज वऱ्हाडी पेरली होती. आम्ही एवढेच विचारले, “तुझी आई घरी अशी बोलते का?” तो हसला आणि निम्मे संवाद त्याने स्वतःच पुन्हा लिहिले. बोलीचे सोंगही वाचकाला कळते.

त्या शिक्षिकाबाईंची मूळ वही त्यांनी जपून ठेवली होती. दुसऱ्या आवृत्तीसाठी ती घेऊन आम्ही त्यांच्या अंगणात बसलो. पुस्तकातला प्रत्येक बदललेला शब्द वाचायचा आणि त्यांना विचारायचे, असे ठरले. आमच्या दुरुस्त्यांपैकी काही त्यांनी आवर्जून राखल्या. सगळेच चुकले नव्हते, असे म्हणून आमची समजूतही घातली. ‘कापूस वेचणीचा पहिला दिवस’ मात्र त्यांनी खोडला आणि वर ‘सीतादही’ लिहिले. पेन्सिल या वेळी त्यांच्या हातात होती.