दोन फटफट्या

आमच्या बेळगुंदीत वडीलधारी मंडळी मोटारसायकलीला अजूनही ‘फटफटी’च म्हणतात. हे नाव ज्या कोणी ठेवले, त्याने ते थोरल्या गाडीचा आवाज ऐकूनच ठेवले असले पाहिजे. कारण लहान गाडी फटफटत नाही, ती शिवणयंत्रासारखी गुणगुणते. आमच्या घरी परवापरवापर्यंत या दोन्ही जातींची एकेक गाडी नांदत होती. एक आमची स्प्लेंडर, आणि दुसरी काकांची जुनी बुलेट. काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मूळची इंग्लंडची ही गाडी १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागली आणि सैन्यातील गस्तीच्या कामी पुष्कळ वापरली गेली. काकांचे आणि तिचे सूत जमले ते पलटणीतच. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिली मोठी खरेदी केली ती हीच. ती गावाच्या वेशीशी आली की काकूंना स्वयंपाकघरात आवाज कळे व चहाचे आधण चुलीवर चढे.

गेल्या पावसाळ्यात काकांचा गुडघा धरला. बुलेटला किक मारणे त्यांना अशक्य झाले आणि आठवड्यातून एकदा तिला फिरवून आणण्याचे काम आमच्याकडे आले. अशा रीतीने एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर दोन्ही गाड्या चालविण्याचा योग आम्हांस लाभला. एरवी लहान-मोठेपणाचा विचार आम्ही कशाला केला असता?

लहान आणि मोठी म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांना भूमितीच्या वहीत पाहता येईल. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र घ्यावे. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर, गणित सोडविले की उत्तर ९७.२ घन सेंटिमीटर येते. काकांच्या बुलेटचा व्यास ७०, धाव ९०; उत्तर ३४६. पण उत्तरापेक्षा आकाराकडे पाहावे. लहान गाडीची वृत्तचिती जेवढी रुंद तेवढीच उंच, मोठीची चांगली उंचनिंच. पिस्टनला लांबचा पल्ला असल्यामुळे मोठे इंजिन सावकाश फिरतानाही जोराने ओढते. त्याचा एकेक ठोका निरनिराळा ऐकू येतो, आणि ‘फटफट’ ती हीच.

स्प्लेंडरवर बसले की गाडीवर बसल्याचे भानच राहत नाही. बटन दाबावे आणि निघावे. रताळ्याच्या शेताकडे जाणारी वाट पावसाळ्यात लोण्यासारखी निसरडी होते. तेथे दोन्ही पाय खाली टेकवून, गाडीला बगलेत धरल्यासारखे करून नेता येते. पाठीमागे रताळ्यांचे पोते असले तरी ती कुरकुर करीत नाही. वाटेत कोणी भेटला तर थांबावे, बोलावे, परत वळावे. एक लिटर पेट्रोलमध्ये ती जेवढे अंतर तोडते, त्याच्या जवळजवळ निम्मे बुलेट तोडते, हेही संसारी माणसाने विसरू नये. जगाचा कौलही लहान गाडीलाच आहे: होंडा कारखान्याने जपानात १९५८ साली ५० सीसीची सुपर कब काढली, आणि २०१७ पर्यंत त्या जातीच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या.

बुलेटचे प्रकरण निराळे. तिच्याजवळ घाईने जाऊन भागत नाही. एक छोटी कळ दाबून, किक हळूच खाली नेत अँपिअरचा काटा मधोमध आणावयाचा, मग कळ सोडून सगळे अंग किकवर टाकावयाचे. त्यात जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. आमच्या गाडीत नेमके उलट. पहिले काही आठवडे आम्ही प्रत्येक वळणाआधी मनात ‘उजवा, डावा’ असा जप करीत असू. उभी असताना तिचे वजन मांडीला कळते. चिखलात ती एकदा कलली की सावरणे एकट्याचे काम नव्हे. पण ती चालू लागली म्हणजे हे ओझे कोठे जाते कोण जाणे! काका म्हणत, “थांबल्यावर ती तुझ्यावर बसते, चालताना तू तिच्यावर बसतोस गा.”

या बोलण्याचा अर्थ आम्हांस निपाणीच्या वाटेवर समजला. निपाणीचे एक गृहस्थ बुलेट घेण्यास तयार झाले होते. त्यांना ती दाखविण्यासाठी आम्ही निघालो. काका आमच्या पाठीमागे, आणि चुलत भाऊ स्प्लेंडरवर. काकती, यमकनमर्डी, संकेश्वर असा तो हमरस्ता. संकेश्वरपर्यंत आम्ही बुलेटवर होतो, पुढे भावाशी गाडी बदलली. वेग दोन्हीकडे सारखाच, ताशी साठ. परंतु मोठा ट्रक जवळून जाई तेव्हा बुलेट किंचित मान हलवी. स्प्लेंडर मात्र हातभर बाजूस सरके आणि आम्ही हँडल घट्ट आवळीत असू. तवंदीच्या घाटात तिला खालच्या गिअरवर आणून तिची आर्जवे करावी लागली. पुढे भाऊ आणि काका ठोक्यात यत्किंचित फरक न पडू देता चढून गेले. काकांची पाठ आम्हांला मागून दिसत होती. ती इतकी ताठ आम्ही कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. ही गाडी विकू नये, असे त्या घाटात आमचे ठाम मत झाले होते, आणि आजही आहे.

काकांचे तसे नव्हते. त्यांनी किल्ली दिली, पैसे मोजून घेतले आणि त्या गृहस्थांना काटा मधोमध आणण्याची रीत दोनदा करून दाखविली; किक मात्र त्यांनाच मारावयास लावली. भाऊ बसने परतला, आम्ही दोघे स्प्लेंडरवर.

बेळगाव मागे पडले आणि रहदारी ओसरली, तेव्हा काकांनी गाडी थांबवावयास सांगितले. “सर मागं,” एवढेच म्हणाले. आम्ही भीतभीतच सरकलो. उजवा पाय सवयीने गिअर शोधू लागला, ब्रेक दाबला गेला, गाडी बसल्या जागी हिसकली. त्यांनी एक शब्दही न उच्चारता पुन्हा बटन दाबले. पुढच्या मैलभरात पायाची समजूत पटली. गाव जवळ येईपर्यंत ते एका हाताने कोणाकोणाचे शेत कसे उतरले आहे ते आम्हांस दाखवू लागले होते, आणि दोन ठिकाणी थांबून बोललेही.

दारात येऊन उतरलो तरी काकू बाहेर आल्या नाहीत. आम्ही आल्याचे त्यांना कळलेच नव्हते. चुलीवर आधण नव्हते. काकांनी उंबऱ्यातूनच हॉर्न वाजविल्यासारखा घसा खाकरला.